ताई माझ्या जंगलात आली तेव्हा

ताई चिखलाचे बूट घालून माझ्या दारात उभी राहिली तो रविवार होता, आणि माझ्या गॅसवर चौदा माणसांचं जेवण होतं. काशीदला पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आमच्या चार खोल्या आहेत. पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येतात, रविवारी दुपारी जेवून निघतात. त्या दोन दिवसांत मी स्वयंपाकघराबाहेर दिसले तर समजावं, सिलिंडर संपलाय.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. किहीमकडच्या एका शाळेत शिकवते. त्या दिवशी तिच्या पाठीवर केवढीतरी सॅक होती, कमरेला आणि छातीला पट्टे आवळलेले, हातात काठी.

"दोन दिवस आमचा ट्रेकचा गट फणसाडच्या जंगलात होता," ती म्हणाली. "तुझ्या घराच्या बरोबर मागं. आधी पाणी दे."

घराच्या मागं. लग्न होऊन मी या गावात आले त्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. आमच्या परसातून डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे अभयारण्य सुरू होतं. पाहुण्यांना मी रस्ता सांगायचे, डबे बांधून द्यायचे. स्वतः कधी गेले नव्हते. आणि आता किहीमहून येऊन ताई मला सांगत होती की तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, शेकरू झाडावर कसं सपाट झोपतं, गारंबीच्या वेलीला हातभर लांब शेंगा येतात.

"गारंबी व्हय?" सासूबाई ओटीवरून म्हणाल्या. "बी हाय माझ्या डब्यात. थांब, दाखवते."

त्यांनी डबा काढला. बी दाखवली. मग लहानपणी त्या आईबरोबर मोळ्या आणायला कुठल्या वाटेने जायच्या, कुठल्या दगडावर बसून भाकर खायच्या, हे सगळं अर्धा तास ताईला सांगत बसल्या. तेवीस वर्षांत मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. पण हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. मी सुरमईचे तुकडे तळत होते आणि तेल जरा जास्तच तापलं होतं.

एक गोष्ट सांगायला हवी. ताईला लहानपणापासून दमा. रेवसजवळच्या आमच्या गावातून शाळा दोन मैल लांब, खाडीच्या बांधावरून चालत जायचं. ताई शंभर पावलांवर थांबायची. तिचं दप्तर मी घ्यायचे, माझंही मीच. बांधाच्या टोकाला जाऊन मागं वळून बघायचे तर ती लांब, इवलीशी, कमरेवर हात ठेवून उभी. घरात सगळे म्हणायचे, धाकटी काटक आहे, थोरलीचं कसं व्हायचं? ते ऐकायला मला फार आवडायचं. चाळीस वर्षं मी त्याच वाक्यावर जगत होते, हे मला त्या बुटांकडे बघताना कळलं.

त्यानंतर दर सोमवारी तिचे फोटो यायला लागले. धुक्यातली डोंगराची धार, ओढा, ओळीने उभे असलेले लोक आणि मध्ये ताई, उन्हाने काळवंडलेली, हसणारी. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मग पुन्हा उचलून फोटो मोठा करून बघायचे. तिच्या पोटऱ्या बघायचे.

"अगं, मग तूही जा की," नवरा म्हणाला.

"शनिवारी? जेवण कोण करणार, तुम्ही?"

त्याने पेपर उघडला. त्या पेपरचाही राग ताईवरच निघाला.

हिवाळ्यात एका शनिवार-रविवारचं सगळं बुकिंग आठवडाभर आधी रद्द झालं. मी ताईला फोन लावला. म्हटलं, "या वेळी मीही येते तुमच्याबरोबर."

मग ती म्हणाली, "अगं, सवय लागते त्याला."

"मला चालायची सवय तू शिकवणार?"

"ये मग," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. ते मी बरोबर ओळखलं.

लेक पुण्याला शिकते, तिची जुनी सॅक माळ्यावर होती. त्यात तांदळाच्या दोन पिशव्या घालून मी पाच दिवस पहाटे घरामागचा डोंगर चढले. कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंना वाटलं, मी नवस बोललेय.

शनिवारी सकाळी आम्ही अकरा जण सुपेगावातून आत शिरलो. गटाचे प्रमुख म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, हळू बोलणारे. प्रत्येक फाट्यावर ते ताईला विचारत, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" आणि मॅडम वर बघून, खाली बघून, काठीने दाखवत. एकदा माझ्या सॅकचे पट्टे ढिले पडले तर ताईने सगळ्यांसमोर ते आवळून दिले. "वजन कमरेवर घ्यायचं, खांद्यावर नाही," म्हणाली. अकरा जणांत ते न कळणारी मी एकटीच होते.

म्हणून मी पुढं गेले. दुसरं कारण नव्हतं. चढ लागला तशी ताईची चाल मंदावली, बाकीचे तिच्यासाठी थांबत थांबत येऊ लागले, आणि मी मात्र थांबले नाही. त्यांचे आवाज मागं राहिले. एका जागी वाट दुभंगली, मी रुंद वाट धरली. ती गुरांची निघाली. पुढं ती करवंदीच्या जाळीत शिरून संपली. मागं वळले तर आलेली वाटही ओळखू येईना.

मी हाक मारली. उत्तर नाही. आणखी दोनदा मारली, मग घसा कोरडा पडला तशी अंजनीच्या एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बसले. आधी भीती वाटली. मग रडू आलं, तेही रागाचं. आणि मग, कसं कोण जाणे, दोन्ही ओसरलं. वरून काहीतरी टपकलं. मान वर केली तर शेकरू. तांबूस, लांबलचक शेपूट, दोन्ही हातांत फळ धरून खात होतं आणि सालं माझ्या अंगावर टाकत होतं. मी हलले नाही. किती वेळ बसले, सांगता येत नाही. कोणी चहा मागत नव्हतं. कुकरची शिट्टी मोजायची नव्हती. पायाला फोड आले होते, खांदे दुखत होते, आणि तरी मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. इतकी वर्षं हे इथं होतं आणि मी याच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होते.

शिट्टीचा आवाज आला तेव्हा मला आनंद झाला नाही. खरं सांगते, थोडा कंटाळाच आला.

झाडीतून आधी ताई आली, मग ते गृहस्थ. ती धावत आली असावी. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने एक हात वर करून मला थांब म्हणून खुणावलं, खिशातून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला, श्वास धरला, सोडला. मगच बोलली.

"तुला कायम पुढंच जायचं असतं का गं?"

गृहस्थ दुसरीकडे बघू लागले. मी अंगावरची सालं झटकली.

संध्याकाळी मुक्कामाच्या तंबूपाशी तिने माझे पाय धुतले. मी नको म्हणत असताना धुतले. फोडांवर औषध लावून चिकटपट्टी मारताना, वर न बघता ती म्हणाली, "मी तुला मुद्दाम बोलावलं नव्हतं इतके दिवस."

"माहितेय."

"हे एकच माझं होतं. इथं तुझ्या मागं पडलेली मला कोणी बघितलेलं नव्हतं."

माझ्या तोंडावर आलं होतं की जंगल काय तुझ्या नावावर आहे? पण तिने माझा पाय हातात धरला होता. मी म्हटलं, "मला आवडलं, ताई. हरवले तेव्हा."

"तीच भीती होती मला," ती म्हणाली आणि दुसरा पाय ओढून घेतला.

तिच्या गटाबरोबर मी पुन्हा गेले नाही. शनिवार-रविवार तसाही माझा नाही. पण मंगळवारी खोल्या रिकाम्या असतात. सासूबाईंना एका सकाळी समोर बसवून त्यांच्या मोळीच्या वाटा विचारून घेतल्या. सुपेगावातली एक बाई पाहुण्यांना जंगल दाखवायला जाते, तिच्या पाठीमागून सहा-सात मंगळवार हिंडले. शेणावरून, मोडक्या फांदीवरून काय वाचायचं ते तिने शिकवलं. आता माझी स्वतःची सॅक आहे, वर्षातून दोनदा दोन-तीन मुक्कामांचं चालणं होतं, एकदा ताईबरोबरही झालं. ती धारेवर माझ्यापेक्षा स्थिर चालते. ते बघताना माझी नजर अजून तिच्या पोटऱ्यांवरच जाते, ते काही गेलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात ती सुट्टीत आमच्याकडे राहिली. जेवताना तिने सहज विचारलं, "मंगळवारची जातेस कुठं तू नक्की?"

"असंच, वरती," मी म्हटलं आणि तिला भात वाढला.

वरती एक कातळ आहे. तिथून एका बाजूला समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूला नुसती झाडंच झाडं. तिथं मी डबा खाते. ताईला तो माहीत नाही. अजून दाखवलेला नाही. दाखवेन बहुतेक, पण यंदा नाही.