दुसऱ्यांचे टंगस्टन

१८ एप्रिल २०२४, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटे. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा हात समोरच्या स्टुलावर उताणा ठेवलेला होता. व्हर्निअर कॅलिपरच्या दोन्ही जबड्यांना मी बोथट टोकाच्या दोन काड्या चिकटवल्या होत्या. त्या त्यांच्या तर्जनीच्या पेरावर एकाच वेळी टेकवून मी विचारले, "एक की दोन?"

"एक."

काड्यांमधले अंतर पंधरा मिलिमीटर होते. निरोगी बोटाला दोन-तीन मिलिमीटरवरही दोन टोके वेगळी कळतात. मी दहा वेळा विचारले आणि नऊ वेळा उत्तर 'एक' आले. वहीत लिहिले: दिवस १६१, तर्जनी, १५, नाही.

दिवस मोजायला सुरुवात झाली होती आदल्या दिवाळीच्या तोंडावर. शेंदूरजनाघाटला जाणाऱ्या संत्री धुण्याच्या टाकीसाठी आलेला स्टेनलेसचा पत्रा ट्रकवरून उतरवताना घसरला आणि बाबांच्या उजव्या मनगटात शिरला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना संवेदना पुरवणारा मज्जातंतू कापला गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तो त्याच दिवशी जोडला आणि सांगितले की तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. घरी आल्यावर मी पट्टी घेतली. टाक्यांपासून तर्जनीच्या टोकापर्यंत एकशे शहात्तर मिलिमीटर भरले. भागाकार करायची गरज नव्हती.

बाबा आर्गनचे वेल्डर होते. पुस्तकात ज्याला टिग वेल्डिंग म्हणतात त्याला आमच्या औद्योगिक वसाहतीत सगळे आर्गनच म्हणतात. त्यात टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी असते, आगकाडीएवढी जाड. तिच्या टोकापासून समोरच्या धातूपर्यंत विजेचा आर्क उडतो, धातू वितळतो, टंगस्टन वितळत नाही. मात्र टोक पेन्सिलीसारखे नेमके हवे, आणि ते वितळलेल्या धातूला एकदा जरी टेकले तरी खराब होते. मग काडी काढायची, ग्राइंडरवर पुन्हा टोक काढायचे. चांगल्या वेल्डरला पाळीत एकदा-दोनदा उठावे लागते. बाबा सकाळी एकदा टोक काढत आणि जेवणाच्या सुटीपर्यंत त्यांना ग्राइंडरकडे पाहावे लागत नसे.

अपघातानंतर वर्कशॉपच्या मालकांनी त्यांना सिलिंडरच्या नोंदी ठेवायला बसवले होते. "जूनपर्यंत पाहू, भाऊ," असे ते म्हणाले होते. जूनमध्येच अकोल्याच्या एका कारखान्यात आर्गनच्या वेल्डरांची चाचणी होती. तिथे तेलगिरण्यांच्या स्टेनलेसच्या टाक्या तयार होतात. बाबांचे वय त्रेपन्न. त्यांच्या हातात पुन्हा टॉर्च येणार की नाही, हे त्या चाचणीवर ठरणार होते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी होते. दक्षिणेतल्या एका संस्थेत संशोधनाला जुलैपासून रुजू व्हायचे होते. त्या महिन्यांत मला काय वाटत होते, असे कुणी विचारले तर मी वही दाखवू शकते. तिच्यात आकडे आहेत.

एप्रिलच्या त्या दिवशी माप घेऊन झाल्यावर बाबा घरामागच्या शेडमध्ये गेले. तिथे जुना टेबल ग्राइंडर होता. त्यांनी टंगस्टन उजव्या हाताच्या तीन बोटांत धरले आणि चाकाला लावले. टोक गोल यायचे तर काडी बोटांत अखंड फिरत राहावी लागते.

"बाबा, फिरवा ना."

"फिरवूनच राह्यलो."

"नाही फिरून राह्यली. थांबली ते."

त्यांनी मान खाली करून बोटांकडे पाहिले. काडीला एका बाजूने सपाट कापल्यासारखा पैलू पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्यावर चणाडाळीएवढा फोड दिसला. टोक बरोबर आले का, हे अंगठ्याने चाचपायची त्यांची तीस वर्षांची सवय होती आणि घासलेले टोक तापलेले असते.

"हे कधी झालं?"

"कोणतं?" त्यांनी विचारले.

मी प्रश्न असा मांडला: बोटांना काही कळत नसताना टंगस्टनला टोक कसे काढावे, तेही स्वस्तात. त्यासाठी विकत मिळणारे यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे होते. वेल्डिंगचे बाकीचे कसब बाबांच्या खांद्यात आणि डोळ्यांत आहे, ते शाबूत आहे, असे मी गृहीत धरले. हे गृहीतक मी तपासले नाही.

पुढचे पाच आठवडे मी पद्धती तपासल्या. पहिली प्रयोगशाळेतून आणलेली. सूक्ष्मदर्शकासाठी टंगस्टनच्या तारेची टोके आम्ही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीज सोडून काढत असू. बाजारातून कॉस्टिक आणले, जुना चार्जर जोडला. जाड काडीला सहा तास लागले, आणि टोक इतके बारीक आले की डोळ्यांना त्याचा शेवट दिसेना. बाबांनी ते उजेडात धरले.

"हे तं मच्छराचं तोंड झालं वं. आर्क मारला का हे आत पडते."

मालकांच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये करून पाहिले. एवढ्या बारीक टोकाला आर्कची उष्णता पेलवेना; आर्क लागताच ते वितळून जोडात पडले. ही पद्धत खोडली.

दुसरी सुऱ्यांना धार लावायच्या हिऱ्याच्या पट्टीची. टोक चांगले येई, पण एकाला अकरा मिनिटे. तिसरी पद्धत टिकली. काडी हातातल्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरायची, ड्रिल सावकाश फिरवायचे आणि फिरणारे टोक ग्राइंडरच्या चाकाला लावायचे. फिरवायचे काम बोटांकडून मोटारीकडे गेले. एक अडचण होती: घासल्याचे ओरखडे काडीच्या लांबीच्या दिशेने यावे लागतात, आडवे आले की आर्क भरकटतो. म्हणून ड्रिल चाकासमोर त्याच्या फिरण्याच्या रेषेत ठेवायचे. त्यासाठी लोखंडी अँगलचा एक आधार करून घेतला. त्यात ड्रिल ठेवले की काडी नेहमी एकाच कोनात बसे. चाकही फक्त टंगस्टनसाठी वेगळे घेतले, कारण साध्या लोखंडाचे कण टोकाला चिकटून जोडात उतरतात. लाल टोकाच्या काड्यांत थोडे थोरियम असते आणि त्याची भुकटी छातीत जाऊ नये, म्हणून सोनेरी टोकाच्या काड्या आणल्या.

"तीस वर्ष लालच घासल्या, मले काय झालं?" बाबा म्हणाले, पण मास्क लावला.

आलेख-कागदावर टोके ठेवून मी मोबाइलने फोटो काढले आणि संगणकावर कोन मोजले. तीस अंशांच्या आसपास, फरक एका अंशाहून कमी. वेळ, दर टोकाला चौदा सेकंद. तर्जनीचे माप त्या काळात बारावर आले होते. दोन्ही आकडे एकाच पानावर आहेत.

चाचणी ५ जूनला होती. आम्ही सकाळच्या एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो. ड्रिल आणि आधार कापडी पिशवीत बाबांच्या मांडीवर होते. पिशवी वर ठेवा म्हटले, तर नाही म्हणाले.

कारखान्यात नियम असा की प्रत्येकाने आपले टंगस्टन आपण घासायचे. तसा तो सगळीकडेच आहे. वेल्डर आपली काडी रिकाम्या पेनाच्या नळीत घालून खिशात ठेवतो. ती कुणी मागत नाही, कुणी देत नाही. बाबांनी ग्राइंडरपाशी ड्रिल काढले तेव्हा रांगेतले दोघे हसले.

"काका, भितीले भोक पाडाचं हाये काय?"

"तुह्या डोक्यात पाडतो, थांब जरासा."

सगळेच हसले. बाबांनी ड्रिल आधारात ठेवून टोक काढले. फोरमनने ते हातात घेऊन फिरवून पाहिले. "मशीनवरचं वाटते," तो म्हणाला.

मग बाबा पडद्याआड गेले. स्टेनलेसच्या नळीचे दोन तुकडे जोडायचे होते. मी पडद्याच्या फटीशी काळी काच धरून उभी राहिले. टंगस्टन आणि धातू यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राखावे लागते. आर्कचा आवाज आधी एकसारखा होता. मग त्यात तडतड आली आणि आर्क विझला. टोक बुडाले होते. बाबा बाहेर आले, टोक काढले, आत गेले. पुन्हा तेच. टॉर्चची पकड सैल होत होती आणि अंगठ्याला ते समजत नव्हते. हात हळूहळू खाली उतरत होता. डोळ्यांना दिसेपर्यंत टोक टेकलेले असे.

ते सहा वेळा बाहेर आले. सहाव्या वेळी काढलेले टोक पहिल्याइतकेच नीट होते. मी तेव्हाच ताडले की पाच आठवडे मी मला सुटू शकणारा प्रश्न सोडवत होते. ताडले, एवढेच. दुसरे काही झाले नाही. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

फोरमनने जोड पाहिला आणि खाली ठेवला. "दादा, हात अजून बसला नाही तुमचा."

"माहीत हाये."

"हे ड्रिलचं कोणं करून देल्लं?"

"पोरीनं."

फोरमनने माझ्याकडे न पाहता तो लोखंडी आधार उलटसुलट करून पाहिला. "आमच्या इथी चौदा जण हायेत. घडीघडी ग्राइंडरपाशी उभे. हरेकाचं टोक वेगळं, हरेकाचा जोड वेगळा. एक माणूस बसून सगळ्याइचे टोकं काढून देईन तं मले पाह्यजे. टूलरूममध्ये बसाचं. बसता काय?"

"दुसऱ्याचे टंगस्टन?"

"हो."

"घेतीन काय ते?"

"मी सांगतो त्याइले."

बाबा ड्रिलची वायर डाव्या हाताने गुंडाळत राहिले. मी म्हणाले, "हो म्हणा बाबा."

त्यांनी हो म्हटले.

बसस्टँडवर आम्ही उसाचा रस घेतला. बाबांनी ग्लास डाव्या हातात धरला होता. रस संपल्यावर ते म्हणाले, "तुले जुलैत जाचं हाये, म्हणून म्हटलं न तू?"

"हो."

"बरं केलं," ते म्हणाले आणि आमची बस लागली का ते पाहायला उठले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अकोल्यात खोली घेतली. बोटांची मापे तिथे थांबली. माप घेणारे कुणी नव्हते आणि बाबांनीही पुन्हा विषय काढला नाही. मी ३० जूनला निघाले. वसतिगृहातून रोज संध्याकाळी फोन करी आणि दिवसभरात किती टोके काढली ते विचारी. सुरुवातीचे आकडे लहान आहेत: अकरा, चौदा, बारा. निम्मे वेल्डर आपली काडी हातातून सोडायला तयार नव्हते. एक जण तर बाबांच्या टेबलासमोर उभा राहून आपल्या जुन्या चाकावर घासत असे. मग त्यांतले एकेक येऊ लागले. १५ जुलैला एकतीस झाले. त्यानंतर तीन दिवसांनी बाबा आपणहून म्हणाले, "त्या चाकवाल्यानं देल्लं आज."

"काय म्हणाला?"

"काही नाही. टेबलावर ठेवलं अन् गेला."

२२ जुलैला मी नेहमीप्रमाणे विचारले. त्यांनी आकडा सांगितला आणि मग म्हणाले, "रोज रोज काय विचारतं वं? तेच चौदा माणसं. तेवढेच निघतात."

म्हणणे बरोबर होते. मापनात बदल उरला नसेल तर मापन थांबवतात. मी थांबवले. वहीतली शेवटची नोंद त्याच दिवसाची आहे: त्रेचाळीस.