मला माझाच विटाळ

देव माझ्यावर रुसला आहे, असं मी त्या वर्षी धरूनच चालले होते. आम्ही तेव्हा दिग्रसला राहायचो. हे कचेरीत कारकून, आणि माझं पहिलं लेकरू चार महिन्यांचं. त्याला घ्यायला वाकले की मनात यायचं, हात विटाळलेत. की निघाले न्हाणीत! धुऊन यायचे, पदर दाराला लागायचा, पुन्हा न्हाणी. तोवर पोर रडून बेजार, आणि जाऊबाई त्याला वाटी-चमच्याने दूध पाजायच्या. आळीतल्या बायकांना मात्र कोण कौतुक, "काय कडक सोवळं बाई हिचं!" माझ्या आजोबांचंही तसंच. त्यांची सकाळची संध्या आटपायला दुपार व्हायची आणि लोक त्यांना साधू म्हणायचे. मीही तेच मानलं. दत्तगुरूंपुढे रडायचे, पण पायांना हात लावायचा धीर होत नव्हता.

बाळाला ताप भरला म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंच्या घरच्यांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतलेली. त्यांनी बाळ माझ्या हाती दिलं की मी ते खाटेवर ठेवून नळाकडे पळायचे. चौथ्या खेपेला बाई नळाशीच येऊन उभ्या राहिल्या.

"माह्या हाताचा इटाळ झाला काय बाई? तोंडावर सांगा ना!"

खोटं कशाला बोलू, आमच्या घरी तोही विटाळ पाळत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी हात पुढे केले. भेगांतून रक्त येत होतं.

"नाही हो बाई, मले माझाच विटाळ होते."

त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. तोच हात धरून त्यांनी मला डॉक्टरांपुढे नेलं. डॉक्टर वयस्कर होते. घरात आणखी कुणाला असं होतं का, म्हणून विचारलं. मी आजोबांचं सांगितलं.

"मग हे रक्तातून आलंय, नाक-डोळे येतात तसं," ते म्हणाले. "हात स्वच्छ झाले, हे मेंदूनं कळवलं की माणूस थांबतो. तुमचा मेंदू ते कळवतच नाही. नेमकं कुठं अडतं, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. पण आजार आहे हा, पाप नव्हे."

पाप नव्हे! मी तिथेच हमसून रडले.

खाटेशी आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "आता धुवाचं नाही. लेकराले घ्या."

"मले भेव लागते."

"लागू द्या. मी हाओ ना इथं."

दत्तगुरू, हे हात आहेत तसे तुझे, म्हणत मी बाळाला उचललं. मन नळाकडे ओढत होतं. मी हलले नाही. बाळ लागलीच प्यायला लागलं.

निघताना मी बाईंना म्हटलं, "तुमच्या रूपानं माझे दत्तगुरूच आले."

त्या हसल्या. "देव-बिव काही नाही बाई, माही ड्युटी हाय."

त्यांचं त्यांच्यापाशी. आजार काही पुरता गेला नाही, अजून काही दिवस वाईट जातात. पण शुद्ध होऊन मग देवाकडे जाऊ म्हणत बसले असते, तर जन्म नळापाशीच सरला असता. आहे तशी गेले, आणि त्याने मला जवळ घेतलं.