तिच्या वाट्याचा प्रसाद

मंगळूला कुणी भित्रा म्हटलं तर राग यायचा. पेठ तालुक्यातल्या डोंगरात वाढलेला गडी, पायात साप आला तरी काठीनं बाजूला सारून पुढे जाणारा. भीती त्याला माणसांची. चार लोक काय म्हणतील, एवढ्या विचारानं तो माघार घ्यायचा.

दसरा झाला की त्यांच्या गावची टोळी नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे द्राक्षाच्या छाटणीला उतरते. मुकादम गोरक्ष, आणि सगळ्यांची मिळून एक चूल. कामाच्या पहिल्या दिवशी बांधावर नारळ फुटतो, प्रत्येकाच्या हातावर खोबरं पडतं, आणि मग त्या चुलीवर जेवायचं.

यंदा मंगळूच्या बायकोनं, फुलाबाईनं, हात जोडले. "रागावू नका दादा, मी येशूची हाय. काम समद्यांसंगं करीन, पण परसाद नाय घेणार."

गोरक्षनं मंगळूकडे पाहिलं. "आन तू रं? तू बी त्यातलाच का?"

खरं तर त्या घरात येशूचं नाव आधी आणलं ते मंगळूनंच. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर तो नाशिकरोडला प्रार्थनेला जाऊ लागला आणि डोळे मिटून काय म्हणायचं ते फुलाबाईला त्यानंच शिकवलं. ती आधी हसायची. मग तिनं धरलं ते धरलंच. टोळीत मात्र हा शूर गडी डोळे उघडे ठेवून, भाकरीवर फुंकर मारायचं निमित्त करून प्रार्थना उरकायचा.

"मी?" मंगळू हसला. "छ्या! बायकोचं खूळ हाय ते. आणा इकडं, तिच्या वाट्याचा बी मीच खातो." आणि त्यानं दुसराही हात पुढे केला.

टोळी खो खो हसली. फुलाबाई खाली मान घालून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी टोळीनं तिची चूल वेगळी केली. बागेच्या कडेला तीन दगड, पाण्याचा हंडाही वेगळा. मंगळू मोठ्या चुलीशीच राहिला. दिवसा ती शेजारच्या ओळीत छाटणी करायची आणि त्याच्याशी नेहमीसारखीच बोलायची. ऊन लागंल, टोपी घाल. त्या गोष्टीचा एका शब्दानं उच्चार नाही. कडाडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. जेवायच्या वेळी पलीकडे ती मान लववून बसली की इकडे त्याच्या तोंडात घास फिरायचा. लाज वाटायची, नुसती लाज. देवापेक्षाही तिची जास्त.

एका संध्याकाळी टोळीतल्या मीनानं सहज विचारलं, "मंगळूदादा, वहिनीला हे शिकवलं तरी कोणी?"

"काय ठाऊक," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. ताट उचलून तो तडक फुलाबाईच्या चुलीशी जाऊन बसला. वाटलं, झालं, फिटलं.

"त्यांना सांगून आलास?" तिनं विचारलं.

"आलो ना इथं. दिसतंय की त्यांना."

"त्यांना वाटंल, बायकोपायी आला." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "सांगून ये. भाकर गरम ठेवते."

तेवढंसं अंतर, पण मंगळू वाटेत दोनदा थांबला. मग मोठ्या चुलीसमोर जाऊन उभा राहिला.

"गोरक्षदादा, खूळ तिचं नाय. तिला मीच शिकवलं. त्या दिशी मी खोटं बोललो."

गोरक्षनं मंगळूचं अंथरूण उचललं आणि पालाबाहेर टाकलं. "पुढच्या साली टोळीत येऊ नको," एवढंच म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

अंथरूण काखेत मारून मंगळू परतला. फुलाबाईनं भाकरी वाढली.

"आज तू म्हण," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द येईना. समोर दिसत होते ते पुढे केलेले आपलेच दोन हात आणि त्यांवरचं खोबरं. थोडा वेळ वाट पाहून फुलाबाईनंच सुरुवात केली, त्यानं शिकवलेल्या शब्दांत.