विमानं न उतरणारं मैदान

जिथं काम जास्त तिथं किस्से कमी, कारण सांगायला कोणाला फुरसत न्हाई. आमचं बिलकुल उलटं! दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत हैद्राबाद संस्थानानं जालन्याबाहेर एक मैदान सपाट करून ठेवलं होतं. एखाद्या विमानाची वाट चुकली, पेट्रोल सरलं, तर उतरायला. तिथं आम्ही चौघं. साहेब, पेट्रोलच्या ड्रमांवर करीमभाई, मैदान साफ ठेवायला दादाराव, आन् रजिस्टर लिहायला मी. दिवसभर वर बघायचो. वर काही दिसलं न्हाई की एकमेकांकडं बघायचो. किस्से असेच साचत गेले, बंद खोलीत धूळ साचते तसे.

*

नोकरी लागली तवा आमच्या कुंभार पिंपळगावात माझा भाव वाढला. "पोरगा विमानात हाये!" असं आई सांगत सुटली. टेंभुर्णीहून स्थळ आलं. मुलीचे वडील स्वतः मैदान बघायला आले, अर्धा दिवस थांबले. विमान? न्हाई. इंजिन? न्हाई. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबावर कापडाची लांब बाही टांगलेली, तेवढीच हलून राह्यली होती.

मी म्हणालो, "मामा, ह्या बाहीवरून पायलटला वारा कळतो."

मामांनी पागोटं सारखं केलं. "बाही तर बघितली. सदरा कधी येणार?"

सोयरीक मोडली. ती मुलगी मंग भोकरदनच्या एका मास्तराला दिली. तिचं नाव मला अजून आठवतं. असो.

*

दादारावची जमीन ह्याच मैदानात गेल्ती. तिच्या बदल्यात नोकरी मिळाली. काम काय, तर आपल्याच रानातलं गवत उपटायचं आन् मधोमध चुन्याचा मोठा पांढरा गोल काढायचा, वरून दिसावा म्हणून. गोलावर पाय ठेवायच्या आधी तो चपला काढायचा. साहेबांना वाटायचं, काय अदब हाये गड्याला!

एका उन्हाळ्यात पाण्याची गाडी दोन दिवस आलीच न्हाई. साहेब ओरडले, "अरे, इथं जवळपास पाणी कुठंच न्हाई का?"

"हाये की, साहेब," दादाराव म्हणाला. "बराबर त्या गोलाच्या खाली. माझ्या आज्यानं खांदलेली हीर हाये. तुमच्याच लोकांनी बुजवली."

मंग दादारावनंच घागर उचलली, दीड कोसावरून पाणी आणलं, आन् पहिला पेला साहेबांना दिला.

*

पहिलं विमान उतरलं त्या दिवसाचं काय सांगू! साहेब कोटाची बटनं लावत पळाले, करीमभाई ड्रम ढकलत पळाला, मी रजिस्टर घेऊन पळालो. गोरा पायलट खाली उतरला, नकाशा पसरला आन् विचारलं, "औरंगाबाद?"

"नो सर. जालना."

"सॉरी," म्हणाला. दहा मिनिटांत गेला पण!

रजिस्टरात 'उतरण्याचे कारण' असा रकाना होता. मी विचारलं, "साहेब, इथं काय लिहू?"

साहेब अजून धुळीला सलाम करून उभे होते. म्हणाले, "लिही, चूक."

त्या अख्ख्या वर्षात तेवढी एकच नोंद.

*

संस्थानाच्या शेवटच्या वर्षी ऑर्डर आली, "मैदानावर दगड टाका. दुश्मनाचं विमान उतरता कामा नये." इतकी वर्षं जे दगड आम्ही वेचून बांधावर टाकले, तेच डोक्यावर घेऊन परत आणले. आठ दिवस लागले.

मंग राज्य बदललं. नवा अधिकारी आला. "हे दगड जल्दी उचला! आमची विमानं उतरायची हायेत."

दादाराव कंबर धरून उभा राह्यला. "उचलतो, साहेब. पण एकदा पक्कं सांगा, हे दगड कोणाच्या बाजूचे हायेत?"

अधिकारी लई हसला. आम्हाला हसू आलं न्हाई, तळहातांची सालटं गेल्ती. दगड उचलले. विमान एकही आलं न्हाई. महिन्याभरात आम्हालाच नोकरीवरून उचललं.

*

आता हा शेवटचा. लढाईतलाच हाये, मी सहसा सांगत न्हाई.

करीमभाईचा एकुलता एक पोरगा, युसुफ, फौजेबरोबर बर्म्याला गेल्ता. सात महिने झाले, चिठ्ठी न्हाई. पुढं जे दोन-तीन पायलट चुकून उतरले, त्यांना करीमभाई एकच विचारायचा, "बर्मा से कुछ डाक?" ते 'नो' म्हणून मान हलवायचे. हा पेट्रोल भरायला लागायचा.

एका दुपारी तार आली, धावड्याच्या शिवारात विमान पडलं. साहेब, करीमभाई आन् मी निघालो. आधी लॉरी, पुढं बैलगाडी. पोचलो तवा दुसऱ्या दिवसाचं ऊन चढलं होतं.

विमान जळून कोळसा झाल्तं. पायलट लांब फेकला गेल्ता. एका म्हातारीनं त्याच्यावर आपलं नवंकोरं लुगडं पांघरलं होतं आन् लिंबाच्या डहाळीनं माश्या हाकलत ती बसली होती. कालपासून उठली नव्हती.

आम्हाला बघून म्हणाली, "आले का त्याच्या घरचे?"

साहेब म्हणाले, "आम्ही सरकारी माणसं हावोत, आजी."

"नाव काय लेकराचं?"

साहेबांनी तार काढली. तारेत नाव नव्हतं, विमानाचा नंबर होता. साहेबांनी तो वाचून दाखवला.

म्हातारी चिडली. "नंबर घेऊन काय करू? मेलेल्यावर कोणी रडलं न्हाई तर तो जाईल कसा? आन् नाव न्हाई तर मी रडू कशी?"

साहेबांनी तारेची घडी घातली, परत उघडली.

मंग करीमभाई पुढं झाला. डोक्यावरची टोपी नीट केली.

"युसुफ," तो म्हणाला. "युसुफ नाव हाये त्याचं, अम्मा."

म्हातारीनं पदर तोंडावर घेतला आन् हंबरडा फोडला, "अरे माझ्या युसुफा! कुठं येऊन पडलास रे, माझ्या युसुफा!"

करीमभाई तिच्या शेजारी मातीत बसला, आन् तिच्या हातातली डहाळी घेऊन माश्या हाकलायला लागला.