शेवेच्या भट्टीवरचं मशीन

हवेतला नायट्रोजन अडवून भट्टीला जास्त ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे तेवढीच आच कमी गॅसमध्ये मिळते. एवढ्याशा गोष्टीपायी मी सहा वर्षं घालवली, नोकरी सांभाळून, राजेंद्र नगरच्या घरातल्या मागच्या खोलीत. पहिलं मशीन कपाटाएवढं झालं होतं. कापत कापत ते सुटकेसएवढं केलं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

शाळेतल्या एका मित्राचा नमकीनचा कारखाना आहे. त्याने ते शेवेच्या भट्टीला लावू दिलं. "एक महिना बघू, भिया," तो म्हणाला. "सिलिंडर कमी नाही लागले तर उचलून ने. मला पण धंदा करायचाय." दुसरं कोणी भट्टी द्यायला तयार नव्हतं. हा महिना गेला की सगळंच गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिला आठवडा छान गेला. मग मीटरवरचा ऑक्सिजन उतरत गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात तो बाहेरच्या हवेएवढाच दिसू लागला. मी वायरी तपासल्या, पंप खोलला, शेवटी कंटाळून भट्टीशेजारीच बसून राहिलो. तेवढ्यात शेव पाडणारा म्हातारा कारीगर आला. बेसनाच्या गोळ्यावर झाकतात तसं ओलं फडकं त्याने पिळलं आणि मशीनच्या हवा ओढायच्या जाळीवर नीट पसरलं.

"बेसन बहुत उड़ता है, साहब," तो म्हणाला. "रोज ढाँक देता हूँ."

नायट्रोजन धरून ठेवणारे आतले खडे ओल लागली की निकामी होतात. ते इतके दिवस ओलीच हवा पीत होते. मी इतका दमलो होतो की रागही आला नाही.

संध्याकाळी मित्राने विचारलं, "कारीगरने कुछ गड़बड़ की क्या? तसं असेल तर सांग. त्याला दुसरीकडे लावतो, तू अजून एक महिना घे."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण हवा आधी सुकवून घेणारा डबा मूळ मशीनला होता. मशीन लहान दिसावं म्हणून तो मीच काढून टाकला होता. फडकं नसतं तर पावसाळ्याने तेच केलं असतं.

"नाही रे," मी म्हणालो. "मशीनच कच्चं आहे."

मशीन उतरवायला मित्राने पाना आणून दिला. नळी सोडवायला कारीगरच मदतीला आला. "अब अगली मशीन कब लाओगे, साहब?" त्याने विचारलं, आणि मी सुटलेली नळी गुंडाळायला घेतली.