जालन्याची मामेबहीण

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली. कंडक्टरला, शेजारच्या म्हातारीला, पेरू विकणाऱ्या बाईलाही सांगितलं, "माही पोरगी जपानले चालली. शिकाले." आई खिडकीखाली उभी राहून एकच म्हणत होती, "कोणी काही देलं तं खाऊ नको." धाकटी कविता रडत होती. मला मात्र गाडी कधी हलते असं झालं होतं.

तिकडे सकाळी भाषाशाळा आणि संध्याकाळी कोन्बिनीत, म्हणजे कधीच बंद न होणाऱ्या दुकानात, काम. गिऱ्हाईक आलं की एका सुरात स्वागत करायचं. पहिल्या हिवाळ्यात मला तेवढंच जपानी धड यायचं. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, घोकता घोकता दुसरा हिवाळा आला आणि मला विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरी फोन केला. "बरं झालं," आई म्हणाली आणि जेवलीस का विचारलं. बाबा फोनवर आलेच नाहीत.

कारण कविताकडून कळलं. थोरली तिकडं रात्रीची कसल्यातरी हॉटेलात असते, असं गावात कोणीतरी उठवलं होतं. त्यावरून कविताचं जमलेलं लग्न मोडलं. पुढचं स्थळ वडनेर भोलजीचं आलं, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, आम्हाला एकच मुलगी. लग्न मुलाच्या गावी, मोजक्या माणसांत झालं होतं. होऊन महिना उलटला होता.

"तुले सांगतलं असतं तं तू आली असती, ताई," ती म्हणाली.

पुढच्या सुट्टीत मी न कळवता घरी गेले. दारात चपलांचा ढीग होता. कविताचं डोहाळजेवण होतं. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "ही कोण?"

आईच्या हातात ओटीचं ताट होतं. ते जरासुद्धा हललं नाही. "माह्या भावाची पोरगी. जालन्याची."

शेजारणींनी मला लहानाची मोठी होताना पाहिलेलं. एकीनंही मान वर केली नाही. बाबा ओट्यावर बसले होते. ते उठले, चप्पल घातली आणि मिरचीच्या शेडनेटकडे निघून गेले.

मी ओटी भरायला वाकले तेव्हा कविता कानाशी कुजबुजली, "बोलू नको न ताई, पाया पडते तुह्या."

सासूबाई माझ्याकडे पाहून हसल्या. "पोरगी देखणी हाय हो. लगन झालं का हिचं?"

"पाहून राह्यले तिचे मायबाप," आई म्हणाली.

"जालन्याले कुठी राह्यते बाई तू?"

"स्टेशनजवळ," मी म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं खरंच जालन्याला गेले. लॉजवर राहिले. कोणी पाठीमागून आलं नाही.

आई आताही फोन करते, जवळपास कोणी नसताना. कविता बाळंतपणासाठी माहेरीच होती. परवा बोलता बोलता मागे बाळ रडायला लागलं. मी भाचीचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "कोणाचा फोन हाय?" बाळाला पाहायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"राँग नंबर हाय हो," आई म्हणाली.

पण तिनं फोन कापला नाही, तसाच कुठंतरी ठेवून दिला. मी माझ्याकडचा आवाज बंद केला. भांडी वाजली, नळ आला, बाबा कुणावर तरी ओरडले, बाळ रडून रडून झोपलं. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच आहे. कामावर जायची वेळ टळून गेली तरी मी ऐकत बसले होते.