निळ्या लुगड्याची बातमी

आमचं घर शाळेच्या मागं आहे. मधे एक बोळ आणि शाळेच्या कुंपणाची भिंत. शाळेनं छपरावर भोंगा बसवला तेव्हा त्याचं तोंड नेमकं आमच्या अंगणाकडं झालं, त्यामुळं रोज सकाळचा परिपाठ मला ऐकावाच लागतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग बातम्या. आधी देशाच्या, मग गावाच्या. गावाच्या बातम्या सातवीची पोरं आदल्या रात्री बसून लिहितात आणि ज्याचा आवाज खणखणीत त्याला वाचायला देतात. गेल्या वर्षी हा मान माझ्या नातीला होता. ती सहावीत होती. कुणाची म्हैस व्याली, हापशाचा दांडा तुटला, असल्या बातम्या ती अशा वाचायची की जणू दिल्लीहून आल्यात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या पोरांनी बोळातल्या भिंतीला खिळे ठोकले. गुरुजींनी त्यांना फोनवर कुठल्याशा शहरातली अशी भिंत दाखवली होती. पोरांनी बालसभा घेतली आणि गुरुजींना सांगितलं, तुमी मधे पडू नका, आमीच करतो. गेरूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘माणुसकीची भिंत’. त्याखाली, ‘नको असेल ते ठेवा, लागेल ते घेऊन जा’. मग पोतं घेऊन घरोघर फिरली. लोकांनी दिलं. काहींनी चांगलं दिलं, काहींनी पोतेऱ्याच्या लायकीचं दिलं. पोरांनी पोतेरी वेगळी काढली आणि बाकीचे कपडे धुऊन टांगले. एवढं मला आवडलं.

नात घरी आली आणि म्हणाली, “आजी, आता बघ, लोकं येऊन नेतील.”

“कुणी न्हाई नेणार,” मी म्हणाले.

“काहून न्हाई?”

“तुझ्या काकाचा चौकटीचा शर्ट तिथं टांगलाय. उद्या तो दुसऱ्याच्या अंगात दिसला तर तू ओळखशील का न्हाई?”

“ओळखीन ना.”

“मंग?”

“तू लई खोडे घालतीस, आजी.”

खोडे नव्हते ते. शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, तिथं कपडा कोण ओळखणार? आमच्या गावात वाळत घातलेले कपडे बघून बायका सांगतात, या घरी लेक आलीय, त्या घरचा माणूस परगावी गेलाय. अशा गावात दुसऱ्याचा शर्ट घालून पारावर बसायची कुणाची छाती नाही. कपडे तसेच लटकत राहिले. एका शेळीनं एका फ्रॉकची बाही खाल्ली, तेवढीच काय ती उचल झाली. नात रोज भोंग्यावर वाचायची, “आपल्या भिंतीकडं आजही कुणी आलं नाही.” तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते. ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. लोकांच्या रानात समोरासमोर बसून हळद मोडली, कापूस वेचला, दोघींचे नवरेही दोन-तीन वर्षांच्या अंतरानं गेले. रोज सकाळी हापशाला जाताना ती माझ्या दारात थांबून ओरडायची, “म्हातारे, हायेस का मेलीस?”

“तुला पोचवल्याबिगर कशी मरू?” मी आतून म्हणायची.

मग ती पुढं जायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की मला घड्याळाची गरज नव्हती.

तिचा मुलगा पुण्याला कामाला आहे, सणाला येतो. ती एकटी राहते आणि कुणाचं काही घेत नाही. मी तिला वाटीभर डाळ दिली की संध्याकाळी वाटी शिगोशीग भरून माघारी यायची. एकदा दिवाळीला मी तिला लुगडं घेतलं, तर तिनं मला त्याहून भारी लुगडं आणि नारळ आणून दिला, आणि मग म्हणे महिनाभर चहात साखर घातली नाही. तेव्हापासून मी देणं बंद केलं. तिच्याकडं दोन लुगडी होती आणि दोन्हींना दंड घातलेला. लुगडं मधे विरलं की तो भाग कापून टाकायचा आणि दोन चांगली टोकं जोडून शिवायची, त्याला आम्ही दंड म्हणतो. घरात नेसायला ठीक. पाहुण्यांत तो दिसतो.

त्याच सुमारास सिद्धेश्वर गावात दिलेल्या तिच्या लेकीकडून निरोप आला की थोरल्या नातीचा साखरपुडा ठरला. ती नात हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. मी म्हणाले, “कधी निघायलीस?”

“मी न्हाई जाणार. गुडघे दुखून राहिलेत.”

आदल्याच दिवशी ती बाजाराला पायी जाऊन आली होती. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. मला कळलं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. आम्ही दुसरं काहीतरी बोलत बसलो.

माझ्याकडं एक निळं लुगडं होतं. मोरपंखी काठाचं. मुलानं वसमतहून आणलेलं, चार लग्नांतच नेसलेलं. काठ एका जागी सुटला होता आणि शिंप्याकडं निळा दोरा नव्हता म्हणून त्यानं लाल दोऱ्यानं शिवला होता. बाकी नव्यासारखं. मी ते धुतलं, घडी घातली आणि भिंतीवर अगदी कडेच्या खिळ्याला टांगलं, तिच्या वाटेवर. माझा विचार सरळ होता. या गावात ते तिला नेसता येणार नाही. पण सिद्धेश्वरला लाल शिवण कोण ओळखतंय?

दुसऱ्या दिवशी ती भिंतीपाशी थांबली. मी दारात भांडी घासत होते.

“कुणाचं गं हे?” तिनं विचारलं. ते लुगडं तिनं माझ्या अंगावर चारही लग्नांत बघितलं होतं.

“कुणाचं न्हाई. भिंतीवर टांगलं की गावाचं.”

“हंऽ,” ती म्हणाली आणि गेली.

त्याच संध्याकाळी खिळा रिकामा झाला. सकाळी ती नेहमीपेक्षा जोरात ओरडली, “म्हातारे, हायेस का मेलीस?” मला फार बरं वाटलं. माघारी काही न धाडता पहिल्यांदाच तिनं माझ्याकडचं काही घेतलं होतं.

त्यानंतर थोड्या वेळानं परिपाठ सुरू झाला. नातीचा आवाज खणखणीत लागला होता.

“गावाच्या बातम्या. आपल्या माणुसकीच्या भिंतीवरून काल पहिला कपडा गेला. निळं लुगडं, मोरपंखी काठाचं. घेणाऱ्याचं नाव आम्ही कधीही सांगणार नाही, तो आमचा नियम आहे. टाळ्या.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यातून त्या सगळ्या गावात गेल्या.

नाव सांगितलं नव्हतं. पोरांनी नियम बराबर पाळला होता. पण त्या वेळी हापशावर बायकांची गर्दी असते, आणि माझी मैत्रीण घागर घेऊन तिथंच उभी होती. पुढचं मला शेजारच्या सुनेनं सांगितलं.

एक म्हणाली, “निळं, मोरपंखी काठाचं? ते तर शाळेमागल्या म्हातारीचं. लाल टाक्याचं.”

“अगं व्हय! मंग नेलं कुणी?”

“बघा बाई, आता कुणाकडं पाहुणचार हाय ते.”

“काकू, तुमच्याकडं साखरपुडा हाय ना? निळं नेसताव काय?”

सगळ्या हसल्या. वाईट बायका नव्हत्या त्या. थट्टा करायची म्हणून केली. खरंच तिनं नेलं असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण ती हसली नाही, घागर अर्धीच घेऊन निघाली, आणि मग त्यांना कळलं.

दुपारी शाळा सुटायच्या आत लुगडं पुन्हा खिळ्यावर होतं. मी घातली होती त्याहून नीट घडी. नात पळत आली. “आजी, लुगडं परत आलं! उद्याच्या बातमीत सांगू?”

“तोंड बंद ठेव,” मी म्हणाले. तिला काही कळलं नाही. ती रडायला लागली.

संध्याकाळी मी मैत्रिणीकडं गेले. ती चुलीपुढं बसली होती. बस म्हणाली नाही, तरी मी बसले.

“पोरांचा उद्योग हाय तो,” मी म्हणाले. “मला काय ठावं ते वाचतील म्हणून.”

“लुगडं तुझं. पोरगी तुझी. भोंगा तुझ्या दारावर. आन् मी कोण? रानातलं बुजगावणं, गावानं बघायला?”

“पोरीला न्हाई माहीत कुणी नेलं ते. सातवीची पोरं लिहितात, ती नुसती वाचती.”

“वाचली ना? झालं मंग.”

मला तिथंच उठायला पाहिजे होतं. पण मला राग आला. मी म्हणाले, “तुला नेसाया न्हाई म्हणूनच टांगलं होतं ना मी.”

ती भाकरी थापायची थांबली. जे आम्ही दोघी एकमेकींना कळू देऊनही कधी बोललो नव्हतो ते मी तोंडानं बोलले. तेही तिच्या घरात बसून. खरं होतं, पण खरं असलेलं सगळंच बोलायचं नसतं, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

“जा तू,” ती म्हणाली. “तुझी भाकर करपत असंल.”

साखरपुड्याला ती गेली नाही. दंड घातलेलं नेसूनही गेली नाही. लेकीनं दोनदा फोन केला म्हणे. हिनं गुडघ्यांचं सांगितलं. थोरल्या नातीची ओटी आजीशिवाय भरली. तो दिवस आता परत यायचा नाही, आणि माझ्या मनातून तो जातही नाही. आमच्या भांडणाच्या दुसऱ्या सकाळपासूनच ती हापशाला वरच्या गल्लीनं जायला लागली. लांब पडतं, घागर घेऊन तर फारच. तरी त्याच वाटेनं.

नात सारखी विचारायची, ती आजी आता ओरडत का नाही. शेवटी मी तिला सगळं सरळ सांगितलं. लहान आहे म्हणून गोड करून सांगायची मला सवय नाही. ऐकून ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली.

“पण आमी नाव न्हाई सांगितलं,” ती म्हणाली.

“लुगडं सांगितलंत ना. आपल्या गावात तेच नाव.”

दुसऱ्या दिवशी तिनं बालसभेत विषय काढला. मैत्रिणीचा उल्लेख केला नाही, तेवढं तिला समजलं होतं. सातवीच्या पोरांनी खूप वाद घातला म्हणे. एक जण म्हणाला, भिंतच पाडू. दुसरा म्हणाला, कपडे रात्री टांगू. शेवटी त्यांनीच तोड काढली. सेनगावकडं एका शाळेत आमच्या गुरुजींची बहीण शिकवते. त्या शाळेतल्या पोरांशी फोनवर बोलणं केलं. आपल्या गावाचे कपडे तिकडं, त्यांच्या गावाचे इकडं. गाठोडी एसटीनं जायची-यायची. आणि कपड्यांची बातमी भोंग्यावर बंद. काय आलं, काय गेलं, काहीच वाचायचं नाही.

पहिल्या गाठोड्यात माझं निळं लुगडं गेलं. त्यांचं गाठोडं आलं आणि आठवडा व्हायच्या आत भिंत रिकामी झाली. अनोळखी कपडा घालायला कुणाला काय लाज? बाजारातून आणलाय म्हणायचं. त्या थंडीत शाळेत चार-पाच लेकरांच्या अंगात नवे स्वेटर दिसले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. सातवीच्या पोरांना जे पाहिजे होतं ते झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला एवढंच वाटत राहिलं की हे दोन महिने आधी सुचलं असतं तर.

उन्हाळ्यात सिद्धेश्वरला त्या नातीचं लग्न होतं. त्याच्या आधीच्या गाठोड्यातून एक हिरवं लुगडं आलं. जाड काठाचं, कोरं वाटावं असं. नात म्हणाली, “आजी, हे त्या आजीला नेऊन देऊ?”

“देऊ नको. टांग. आन् टांगून झालं की तिकडं बघूबी नको.”

तिनं ते कडेच्या खिळ्याला टांगलं. दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं. कुणी नेलं ते मी विचारलं नाही, नातीनंही सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी दारात बसून तांदूळ निवडत होते. बसथांब्याला जायला बोळातूनच जावं लागतं, वरच्या गल्लीनं वाट नाही. ती आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि अंगावर हिरवं लुगडं. चांगलं दिसत होतं तिला. नव्या नवरीसारखी ताठ चालत होती, गुडघ्यांचं नावही नव्हतं.

माझ्या दारापुढं तिचा पाय जरा रेंगाळला. एक शब्द बोलले असते तरी ती थांबली असती, असं मला आजही वाटतं. पण मान वर करून बघितलं असतं तर नजर लुगड्यावर गेली असती, आणि ती गेलेली तिला दिसली असती. म्हणून मी सुपातच बघत राहिले. खडे नसलेले तांदूळ पुन्हा निवडले.

ती गेली. लग्नाहून माघारी आली. अजून वरच्या गल्लीनंच हापशाला जाते. तिला वाटत असणार की हिचा राग गेला नाही, दारापुढून गेले तर मानसुद्धा वर केली नाही. राग नव्हता हे तिला सांगायचं तर त्या दिवशी मान खाली का घातली ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर लुगड्याचं नाव काढावं लागेल. ते मी काढणार नाही.